वादी स्वयंपाकघरात

बायकोला शिकवायला बसू नये, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं. निदान एखादी तळटीप तरी.

आधी माझी ओळख सांगतो. मी दिवाणी न्यायालयात बेंच क्लार्क आहे. म्हणजे न्यायाधीश उंच खुर्चीवर बसतात, आणि त्यांच्या बरोबर खाली, फायलींच्या ढिगाऱ्याआड जे टक्कल दिसतं, ते माझं. साहेब येतात, बदलून जातात, टक्कल तिथेच असतं. दारातून शिपाई पक्षकाराच्या नावाचा पुकारा करतो. तीनदा करतो. कोणी आलं नाही की मी मान वर न करता 'गैरहजर' म्हणतो आणि रोजनाम्यात तसं लिहितो. हे काम मी इतकी वर्षं केलंय की जगात कायदा म्हणून जे काही आहे ते माझ्या टेबलावरूनच पुढे सरकतं, अशी माझी प्रामाणिक समजूत झाली होती. (घरी ही समजूत कोणी मान्य केलेली नव्हती, पण वरिष्ठ न्यायालयाने उचलून धरलेलं नसलं तरी मत हे मत असतं.)

तर आमच्या हिने संध्याकाळच्या लॉ कॉलेजात नाव घातलं.

तिच्या मनात ते फार जुनं होतं. लग्न ठरलं तेव्हाच तिला कायद्याला जायचं होतं. मग माझ्या बदल्या झाल्या, मग मुलगी झाली, मग मुलीची शाळा, मग मुलीचं लग्न. मुलीला सासरी पाठवून घर जरा रिकामं वाटतंय न वाटतंय, तोच ही प्रवेशाची पावती घेऊन आली.

"मला विचारलं नाहीस," मी म्हणालो.

"विचारलं की. तुम्ही 'हं' म्हणालात."

मी पेपर वाचताना 'हं' म्हणतो. आमचा निम्मा संसार या 'हं'वर उभा आहे. पडदे, फ्रिज आणि व्याही, तिन्ही त्यातूनच आलेले आहेत. तेव्हा तक्रारीला जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर तक्रार नव्हतीच. संध्याकाळी खांद्याला पिशवी लावून ती जिना उतरायला लागली की मी गॅलरीत उभा राहून बघायचो. मला फार छान वाटायचं. ऑफिसात मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आमच्या घरात आता दोन कायदेपंडित आहेत. (पहिला कोण, असं एका टायपिस्टने विचारलं. काही लोकांना मुद्दा कळत नाही.)

पहिली दोन वर्षं ती आपली आपण पास झाली. तिसऱ्या वर्षी विषय आला, 'दिवाणी प्रक्रिया आणि लवाद'. आणि माझ्यातला गुरू जागा झाला.

"या विषयाला तू पुस्तक उघडू नकोस," मी म्हणालो. "हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे."

ती बिचारी वही घेऊन समोर बसली. वादपत्र म्हणजे काय, असं तिने विचारलं. मी तिला वादपत्राला भोक कुठे पाडतात ते शिकवलं. मध्ये पाडलं तर मजकुरातून दोरा जातो, फार वर पाडलं तर कागद फाटतो. समन्स कसं बजावायचं, असं तिने विचारलं. मी तिला समन्सची कुठली प्रत कुठल्या रंगाच्या फोल्डरमध्ये जाते ते सांगितलं, आणि बेलिफाला कुठल्या वेळी गाठलं की तो चिडत नाही तेही सांगितलं. तिने सगळं निमूटपणे लिहून घेतलं. मला वाटलं, ही भारावून गेली आहे.

चाचणीत ती नापास झाली. नुसती नापास नाही. उत्तरपत्रिकेवर सरांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. पुरवण्या मात्र उत्तम बांधल्या आहेत.'

मी हसलो. ती हसली नाही. तिने उत्तरपत्रिका जेवणाच्या टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "आता प्रात्यक्षिक राहिलंय. त्यात निभावलं तर ठीक. नाहीतर वर्ष गेलं. आणि एकदा वर्ष गेलं की मी परत जायची नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. या वयात मुलींच्या बाकावर बसायला एकदाच धीर होतो."

बदल्या माझ्या, भोकं माझी, आणि नापास ती.

प्रात्यक्षिक असं होतं. विद्यार्थ्यांनी एक वाद शोधायचा, तो लवादाकडे सोपवायचा आणि रीतसर चालवायचा. लवाद म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून मान्य केलेला तिऱ्हाईत माणूस. तो दोघांचं ऐकून जो निवाडा देईल तो दोघांनी पाळायचा. हे सगळं सर जातीने बसून बघणार. सरांची अट एकच होती, वाद खरा हवा. खोटी खोटी भांडणं नकोत.

आता गंमत बघा. एरवी आमच्या इमारतीत जिन्यावरच्या चपलांपासून पाण्याच्या टाकीपर्यंत रोज कुठे ना कुठे जुंपलेली असते. पण ही वाद मागायला दारोदार गेली आणि सगळे एकदम गुण्यागोविंदाने नांदायला लागले. 'आमचं कुणाशीच काही नाही हो' म्हणून जो तो दार लावून घेई. ज्या दोन कुटुंबांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, ती तिच्या धाकाने एकत्र फिरायला जाऊ लागली.

शेवटी मी छाती पुढे काढली. "माझा वाद घे," मी म्हणालो.

माझा वाद वरच्या मास्तरांशी होता. मास्तर म्हणजे आमच्या डोक्यावर राहणारे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. सज्जन माणूस, पण गॅलरीत कुंड्या. त्या कुंड्यांवर ते कीड लागू नये म्हणून मोरचूद फवारतात, आणि ते निळं पाणी खाली ठिबकतं. माझ्या नव्याकोऱ्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर निळा डाग पडला होता. मी गॅलरीत उभा होतो, वरून ठिबकलं, डाग पडला. सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ प्रकरण. शर्ट मी धुवायला टाकलाच नव्हता. पुरावा म्हणून पिशवीत घालून, पिशवीला लाख लावून कपाटात ठेवला होता. (लाख वितळवताना टेबलक्लॉथला भोक पडलं, तो वाद वेगळा.)

मास्तरही तयार झाले. "वहिनींच्या परीक्षेसाठी काय वाट्टेल ते," ते म्हणाले. "पण भाऊ, मी हरणार नाही हं."

लवाद म्हणून हिच्या वर्गातल्या एक बाई ठरल्या. त्या तरणतलावावर पोहायला शिकवतात. त्यांना सगळे कोचबाई म्हणतात. आवाज असा की तलावाच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाला माणूस हात मारायला लागतो. गळ्यात शिट्टी, ती लवाद झाल्यावरही काढली नव्हती.

करारावर सह्या झाल्या. तुम्हाला वकील हवा का, असं कोचबाईंनी विचारलं. मी हसून म्हणालो, "बेंच क्लार्कला वकील? मासळीला पोहायला शिकवता का?" कोचबाईंनी ते लेखी घेतलं. मास्तर म्हणाले, "मला मात्र वकील हवा. वहिनी, तुम्ही घ्याल का माझं काम?"

मी हसत हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "घेईन."

"अगं, पण मी..."

"तुम्ही वकील नको म्हणालात. लेखी आहे." मग ती कोचबाईंकडे वळली. "वादी माझे पती आहेत, ही गोष्ट मी सुरुवातीलाच उघड करते. त्यामुळे कुणाला हरकत असेल तर आत्ताच सांगावी."

हरकत घ्यायची बुद्धी मला त्या वेळी झाली नाही. विरुद्ध पक्षाच्या वकिलाबरोबर एका छपराखाली राहणं म्हणजे काय, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. भाजी वाढताना ती बोलायची, मुलीच्या फोनबद्दल बोलायची, पण मी शर्टाचा 'श' काढला की म्हणायची, "त्याबद्दल पक्षकाराशी परस्पर बोलता येत नाही." एकदा मी तिच्या पिशवीत सहज डोकावलो. (सहज म्हणजे चष्मा लावून.) दुसऱ्या दिवसापासून पिशवी मास्तरांकडे वरच्या मजल्यावर राहायला गेली.

मग एके दिवशी मला हिचा लेखी अर्ज आला. अर्ज म्हणजे चहाच्या कपाखाली, व्यवस्थित दोन प्रतींत. 'वादीने दाखल केलेल्या निशाणी एकची, म्हणजे शर्टाची, पाहणी करू द्यावी.' मी मोठ्या मनाने परवानगी दिली. तिने पिशवी उघडली, शर्ट खिडकीशी नेला, उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली आणि गेली.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"ते सुनावणीत."

मला तिची दया आली. मोरचुदाच्या डागात काय दिसणार? निळा रंग दिसणार. मी मनात ठरवून टाकलं की जिंकायचं तर आहेच, पण अगदी हळू जिंकायचं, म्हणजे हिला मार्क पडतील.

सुनावणीचा दिवस उजाडला. सुनावणी आमच्याच घरी, कारण आमचा हॉल मोठा आणि गॅलरी, म्हणजे घटनास्थळ, लागूनच. जेवणाचं टेबल मध्ये ओढलं. कोचबाई मधल्या खुर्चीत बसल्या. एका बाजूला मास्तर इस्त्रीचा सदरा घालून, त्यांच्या शेजारी ही. सर कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत, मांडीवर वही, हातात टोक केलेली पेन्सिल. बारीक अंगाचे, अबोल गृहस्थ. आल्यापासून ते एकच वाक्य बोलले होते, "मी इथे नाही असं समजा." हिच्या हातात कागद होते आणि ती त्यांचा क्रम पुन्हा पुन्हा लावत होती. मी ते पाहिलं. तिच्या पांढऱ्या साडीची इस्त्री मीच केली होती. (विरुद्ध पक्षाला सौजन्य दाखवावं, अशा मताचा मी आहे.)

आता, पाहुणे आलेत, सर आलेत, आणि घरची बाई वकील होऊन बसलेली. चहा कोण करणार? मी म्हटलं, सुरू व्हायच्या आत पटकन टाकून येतो.

इथेच सगळं फसलं.

दूध अगदी वर आलं होतं. एका हातात गाळणं, एका हातात सांडशी. तेवढ्यात बाहेरून कोचबाईंचा तलावावरचा आवाज आला, "वादी हजर आहेत का?"

आता तुम्ही म्हणाल, जायचं की धावत. पण आमच्या कोर्टात पहिल्या पुकाऱ्याला कुणीही उठत नाही. पहिला पुकारा म्हणजे झोपलेल्यांनी जागं व्हायचं, दुसरा म्हणजे चपला शोधायच्या. मी गॅस बारीक केला. दुसरा पुकारा झाला. मी चहा गाळायला घेतला. तिसरा पुकारा झाला.

आणि मी, गाळण्यावरची नजर न हटवता, आयुष्यभर ज्या ठणठणीत सरकारी आवाजात म्हणत आलो त्याच आवाजात म्हणालो, "गैरहजर."

आणि चहा गाळत राहिलो.

मग कोचबाई म्हणाल्या, "वादीने स्वतःच कळवलं आहे की वादी गैरहजर आहे. नोंद घ्या."

मी सांडशी टाकली आणि दाराशी आलो. पण आता 'हजर' म्हणून उपयोग नव्हता. कारण पुढे काय होतं ते या जगात माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? वादी गैरहजर, प्रतिवादी हजर, दावा काढून टाकला, पुढचं प्रकरण. मी स्वतः हजारदा लिहिलंय. आणि कोचबाईंनीही नेमकं तेच म्हटलं. "तर मग वादी गैरहजर असल्यामुळे हा दावा मी काढून..."

मास्तर तर खुशीत उठायलाही लागले होते. कुंड्यांना पाणी घालायची वेळ झाली होती. कोपऱ्यात सरांनी वही मिटत आणली होती. दावा निघाला की सुनावणी नाही, सुनावणी नाही की प्रात्यक्षिक नाही, आणि प्रात्यक्षिक नाही की हिचं वर्ष गेलं. एवढी वर्षं तिने वाट पाहिली, आणि माझ्या एका शब्दाने सगळं संपत होतं. तेही चहाच्या गाळण्यावर. दाराच्या चौकटीला टेकून मी नुसता हिच्याकडे बघत राहिलो.

आणि ही उठली.

"माझी हरकत आहे," ती म्हणाली.

कोचबाई गोंधळल्या. "अगं, तुमच्याच बाजूने चाललंय."

"तरी हरकत आहे." तिने हातातले कागद खाली ठेवले. "हे न्यायालय नाही, लवाद आहे. न्यायालयात वादी पुकाऱ्याला आला नाही तर त्याचा दावा निघू शकतो. इथे तसं नाही. इथे वादीने आपलं म्हणणं वेळेत लेखी दिलंय, पुरावाही दिलाय. असं असताना तो नुसता सुनावणीला आला नाही, म्हणून दावा काढून टाकता येत नाही. समोर जो पुरावा आहे त्यावर काम पुढे चालवायचं आणि निवाडा द्यायचा."

सर बोलले. इथे नसलेले सर बोलले. "पण दावा निघाला असता तर तुमच्या पक्षकाराचा फायदा होता. तुम्ही त्यांच्या वकील आहात."

"आज फायदा, सर. उद्या वादी तो निवाडा रद्द करून घेतील आणि मास्तरांना पहिल्यापासून सगळं करावं लागेल. हे वादी फार चिवट आहेत," ती म्हणाली. "मी त्यांना जवळून ओळखते."

सरांनी वही परत उघडली.

मी दाराशी उभा होतो आणि माझे डोळे चुरचुरत होते. (वाफेने असेल.) इतकी वर्षं मी त्या टेबलाशी बसलो, मला हा फरक माहीत नव्हता. जे वकील दिवसातून चार वेळा माझ्याशी हुज्जत घालतात, त्यांच्यातल्या निम्म्यांना माहीत नसेल. आणि हे तिला मी शिकवलेलं नव्हतं. भोकं आणि दोरे यांच्यावर बोळा फिरवून ती पहाटे उठून स्वतः शिकली होती. मी ट्रे उचलला आणि हॉलमध्ये आलो.

कोचबाईंनी शिट्टी वाजवली. "काका, तुम्ही गैरहजर आहात."

"आता आले आहेत," ही म्हणाली. "आले तिथून पुढे त्यांना ऐकायला हवं. आधी झालं ते झालं."

बघा. विरुद्ध पक्षाची वकील, आणि मला बसवतेय कोण, तर तीच. म्हणजे बसवलं नाहीच, कारण माझी खुर्ची सरांच्या पिशवीने अडवली होती आणि टेबलावर कागदच कागद. मी ट्रे धरून उभा राहिलो. ट्रे कुणी घेतला नाही, आणि मला ठेवता येईना.

"निशाणी एक," ही म्हणाली. तिने पिशवीतून शर्ट काढला आणि खिसा सगळ्यांना दाखवला. "वादीचं म्हणणं असं की हा डाग मोरचुदाचा आहे आणि तो वरून पडला. मी लवादांना विनंती करते की त्यांनी हा डाग आरशात पाहावा."

"आरशात?" मास्तर म्हणाले.

तिने माझाच दाढीचा आरसा पुढे केला. कोचबाई वाकल्या. मास्तर वाकले. सरही उठून आले आणि वाकले. मी ट्रेसकट वाकलो.

आरशात डाग सुलटा झाला होता. आणि सुलटा झाल्यावर तो वाचता येत होता. गोल रेघ, रेघेच्या आत वर 'दिवाणी', मधोमध ठळक 'आवक', आणि खाली तारीख. तीच तारीख, जी मी माझ्या तक्रारीत डाग पडल्याची म्हणून लिहिली होती.

आवकचा शिक्का माझ्याच टेबलावर असतो. तो मीच मारतो. शिक्का ओला असतानाच कागद छातीशी कवटाळून दुसऱ्या टेबलाकडे धावायची मला सवय आहे, हे ऑफिसातल्या भिंतीही सांगतील.

कोचबाईंनी खालचा ओठ दाबून धरला होता. मला काहीतरी करणं भाग होतं.

"हरकत," मी म्हणालो, आणि हात वर करायला गेलो. ट्रे कलला, एक कप मास्तरांच्या दिशेने निघाला, तो मी कसाबसा हनुवटीने थोपवला. "नवराबायकोमधल्या गोष्टी गोपनीय असतात. त्या बाहेर सांगता येत नाहीत. हे मला नक्की माहीत आहे."

कोचबाईंनी हिच्याकडे पाहिलं. आता ही अडली, असं मला वाटलं. आणि, विश्वास ठेवा, त्या क्षणी मला जिंकायचं नव्हतं. ही अडू नये, एवढंच मनात होतं.

"नवराबायकोत जे बोलणं झालं ते सांगता येत नाही, हे खरं आहे," ती शांतपणे म्हणाली. "पण मी वादीचं बोलणं सांगतच नाहीये. मी वादीचा शर्ट दाखवतेय. तो वादीने स्वतः दाखल केलाय, स्वतः लाख लावून. आणि त्याची पाहणी मी बायको म्हणून केली नाही, रीतसर अर्ज देऊन केली. अर्जावर वादीची सही आहे."

हरकत फेटाळली गेली. कोचबाईंनी तिथल्या तिथे निवाडा लिहायला घेतला आणि मोठ्याने वाचून दाखवला. वादीची मागणी अमान्य. प्रतिवादीच्या कुंड्या निर्दोष. 'आणि निशाणी एक वादीने स्वतःच्या हाताने धुवावी.'

"वा," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खटला हरल्यावर 'वा' म्हणणारा पक्षकार मीही उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. पण माझ्याच्याने राहवेना. मी मास्तरांना म्हणालो, "पाहिलंत? ती माझी बायको आहे."

"असेल," मास्तर म्हणाले. "माझी वकील आहे."

सरांनी हिला एवढंच विचारलं, "चाचणीच्या वेळी हे सगळं कुठे होतं?"

मी ट्रेच्या मागे जमेल तितका लपलो. ही म्हणाली, "तेव्हा मी चुकीच्या पुस्तकातून अभ्यास केला होता, सर." आणि नाव घेतलं नाही. वकील झाली तरी शेवटी माणूस मायेचं. मग सर म्हणाले, "या सुनावणीचा एक फोटो कॉलेजसाठी हवा," आणि त्यांनी मोबाइलवर फोटो काढला.

रात्री मी मोरीत बसून शर्ट धुतला. आवकची शाई निघत नाही, हे मला पुराव्यानिशी सांगता येईल.

निकालाच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून हिच्याबरोबर कॉलेजात गेलो. ती पास झाली होती. नुसती पास नाही, प्रात्यक्षिकात सगळ्या वर्गात पहिली. ती आत गुणपत्रिका घ्यायला गेली आणि मी बाहेरच्या बोळात थांबलो. तिथे काचेच्या फळ्यावर आमच्या सुनावणीचा फोटो लावला होता. खाली शीर्षक, 'आदर्श सुनावणी', आणि शेजारी टाचणीने रोजनाम्याची प्रत. फोटोत मधोमध कोचबाई, इकडे मास्तर, आणि एका हातात शर्ट, दुसऱ्या हातात आरसा घेऊन उभी असलेली ही. काय दिसत होती म्हणून सांगू. जन्मभर हेच करत आल्यासारखी. आणि फोटोच्या अगदी डाव्या कडेला, चौकटीतून आत आलेला एक ट्रे आणि तो धरलेला मनगटापर्यंतचा एक हात.

माझा ऊर भरून आला. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला मी थांबवायला लागलो. "या आरसा धरलेल्या माझ्या मिसेस," मी सांगायचो. "आणि हा हात माझा."

काळा कोट हातावर टाकलेला एक तरुण थांबला. त्याने फोटो जवळून पाहिला, मग माझा हात पाहिला.

"काका, खरंच तुमचा?"

"अर्थात," मी म्हणालो.

"बरं झालं भेटलात. शनिवारी आमची सुनावणी आहे. चहाला माणूस मिळत नव्हता."

मी शक्य तितका ताठ झालो. "मी त्या प्रकरणात वादी होतो."

त्याने शांतपणे रोजनामा वाचला. बोट ठेवून वाचला. "वादी तर गैरहजर आहे," तो म्हणाला.

तेवढ्यात ही गुणपत्रिका घेऊन बाहेर आली. चेहरा असा उजळला होता की बोळातला दिवा लावायची गरज नव्हती. तो तरुण एकदम अदबीने सरळ झाला. "मॅडम, हे तुमच्याकडचेच ना?"

"हो," ती म्हणाली, आणि माझ्या दंडाला धरून अभिमानाने म्हणाली, "माझेच आहेत."

"मग शनिवारी आम्ही यांना नेलं तर चालेल?"

तिने माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, क्षणभर विचार केला.

"माझी हरकत नाही," ती म्हणाली.

मी किती कप लागतील ते विचारून घेतलं.